लॅपटॉप आपोआप बंद पडतो. फॉर्मॅट हे त्यावरचे औषध आहे काय?

रमजानचे शेवटचे दहा-बारा दिवस म्हणजे भिवंडीतील भरतकामाच्या कारखानदाराला बसून चहा प्यायचीही फुरसत नसते. ओढण्या, कुर्ते, लहान मुलींचे घागरे, सगळा माल चाँदरातीच्या आधी व्यापाऱ्याच्या हाती पडला पाहिजे. अशाच धामधुमीत आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराचा लॅपटॉप बिघडला. मशीन ठणठणीत होती, धागा होता, कारीगर हजर होते. पण मशीनला द्यायची डिझाइने ज्या लॅपटॉपमध्ये होती तो काम चालू असताना मध्येच काळा पडे. कधी पूर्ण बंद होई, तर कधी बंद पडून आपला आपणच पुन्हा सुरू होई.

त्यांनी तो उचलला आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उलटा करून पाहिला नाही की चार प्रश्न विचारले नाहीत. "चाचा, विंडोज करप्ट झालीय, फॉर्मॅट मारावं लागेल," एवढेच तो म्हणाला. घाईत असलेल्या माणसाने मान डोलावली. दोन तासांनी लॅपटॉप कोरा करकरीत होऊन परत आला. त्यातली सहा वर्षांची पंचिंग केलेली डिझाइने गेली होती. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप पूर्वीसारखाच पुन्हा बंद पडला.

म्हणजे माल गेला आणि रोग तसाच राहिला. ही गोष्ट एकट्या त्या कारखानदाराची असती तर आम्ही या पानावर तिला जागा दिली नसती. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याकडे येणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांकडून, शिलाईवाल्यांकडून, फर्निचरवाल्यांकडून हीच कहाणी थोड्याफार फरकाने आम्ही ऐकत आलो आहोत. लॅपटॉप आपोआप बंद पडतो, दुकानदार फॉर्मॅट करतो, आठ दिवसांत तक्रार परत येते, मग 'मदरबोर्ड गेला' असे सांगण्यात येते आणि शेवटी नवा लॅपटॉप घ्यावा लागतो. आमचे स्पष्ट मत आहे की यातले निम्मे नुकसान यंत्राने केलेले नसून आपण सर्वांनी मिळून केलेले आहे. दुरुस्ती करणाऱ्याचा त्यात वाटा आहे, आणि आपलाही आहे.

दहा वर्षांपूर्वी ही बाब एवढी गंभीर नव्हती. हिशेब वहीत होता आणि संगणक हा शोभेचा किंवा मुलांच्या अभ्यासाचा जिन्नस होता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि लहानातल्या लहान व्यापाऱ्याची वही लॅपटॉपमध्ये गेली. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला २० तारीख चुकली की साधारणपणे दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज द्यावे लागते. १९ तारखेला संध्याकाळी लॅपटॉप बंद पडला तर 'आमचे यंत्र बिघडले होते' ही सबब पोर्टल ऐकून घेत नाही. शिवाय हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवण्याचे बंधन आहेच. तेव्हा ज्या डब्यात आपली सहा वर्षांची वही आहे तो डबा पुसून टाकण्याचा निर्णय दोन मिनिटांत, काउंटरवर उभ्या उभ्या, चहाचा पेला संपायच्या आत घ्यावा काय?

फॉर्मॅट म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. लॅपटॉपमधील विंडोज पुसून ती नव्याने बसविणे, एवढाच त्याचा अर्थ. दोष विंडोजमध्ये किंवा तिच्यावर बसविलेल्या एखाद्या प्रोग्राममध्ये असेल तर फॉर्मॅटने तो जाईल हे खरे. पण पंख्यात कचरा अडकला असेल, बॅटरी मेली असेल, चार्जरची पिन ढिली असेल किंवा रॅमची पट्टी खराब असेल, तर शंभर वेळा फॉर्मॅट करूनही काही होणार नाही. मोडलेल्या हाडावर मलम चोळावे तसा तो प्रकार होतो.

त्यात आणखी एक गोष्ट बदलली आहे आणि ती पुष्कळांच्या ध्यानात आलेली नाही. पूर्वी लॅपटॉपमध्ये फिरणाऱ्या तबकडीची हार्ड डिस्क असे. ती चुकून फॉर्मॅट झाली तरी जाणकार माणूस बराचसा डेटा बाहेर काढू शके. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात फॉर्मॅटनंतर रिकामी झालेली जागा यंत्र स्वतःहून साफ करून टाकते, त्यामुळे गेलेला डेटा परत मिळण्याची आशा जवळजवळ उरत नाही. आमच्या भिवंडीच्या मित्राच्या डिझाइनांचे हेच झाले. त्यांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दोन ठिकाणी विचारून पाहिले. दोन्हीकडे उत्तर एकच मिळाले.

आता आमच्या घरचे सांगतो, म्हणजे नुसता दुसऱ्याला उपदेश करतो असे कोणी म्हणायला नको. या पानाच्या जाहिरातींच्या पावत्या आणि हिशेब ज्या लॅपटॉपवर आहेत तो गेल्या मे महिन्याच्या आधीच्या उन्हाळ्यात बंद पडू लागला. सकाळी व्यवस्थित चाले. दुपारी सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांत, नळ बंद करावा तसा, फट्कन बंद. लगेच बटण दाबले तर सुरूच होत नसे, झाला तरी पाच मिनिटांत पुन्हा बंद. अर्ध्या तासाने मात्र मुकाट्याने चालू लागे. आम्हीही शहाणपणा न करता तो दुकानात दिला. पाचशे रुपये घेऊन फॉर्मॅट झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी बंद पडला. दुसऱ्या खेपेस 'मदरबोर्ड बदलावा लागेल' असे सांगून जो आकडा सांगण्यात आला त्यात वापरलेला लॅपटॉप आला असता.

शेवटी मोहल्ल्यातला एक तरुण, जो मोबाइल दुरुस्त करतो, सहज कचेरीत आला होता. त्याने लॅपटॉपच्या बाजूच्या जाळीपाशी नुसता तळहात धरला आणि म्हणाला, "यातून हवाच येत नाही." खालचे झाकण उघडले तेव्हा पंखा आणि त्याच्यासमोरच्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांमध्ये करड्या रंगाची एक घडीच्या घडी बसलेली निघाली, जणू नमद्याचा तुकडा. आमच्या कचेरीखाली शिलाईचा कारखाना आहे. तिथले कापसाचे तंतू दोन-तीन वर्षे पंखा ओढून घेत होता. ती घडी काढली, प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावली. सगळा खर्च फॉर्मॅटहून कमी आला. लॅपटॉप आजही त्याच टेबलावर आहे.

या गोष्टीत दडलेले काही नव्हते. यंत्र स्वतःच आपला आजार सांगत होते. प्रोसेसर तापून साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की जळून जाऊ नये म्हणून यंत्र स्वतःच वीज तोडते. सकाळी चालतो, दुपारी चालत नाही. थंड झाल्यावर चालतो, लगेच चालत नाही. याहून स्पष्ट ते काय बोलणार? पण आम्ही ऐकले नाही, आणि दुकानदाराने विचारले नाही.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की लॅपटॉप बंद पडू लागला की दुकानात धावण्याआधी दोन-चार दिवस एका कागदावर नोंद ठेवा. तो नेमका केव्हा बंद पडला, त्या वेळी काय चालू होते, चार्जर लावलेला होता की नव्हता, पूर्ण बंद झाला की स्वतः पुन्हा सुरू झाला, आणि निळा पडदा दिसला काय. एवढा कागद हातात असला तर प्रामाणिक कारागिराचे अर्धे काम होते, आणि लबाडाची जीभ जरा अडखळते.

पूर्ण बंद होणे आणि बंद पडून पुन्हा सुरू होणे यांत फरक आहे. कोणतीही सूचना न देता एकदम अंधार होत असेल तर संशय बहुतेक वेळा उष्णता किंवा वीजपुरवठा यांवर जातो. निळा पडदा क्षणभर चमकून लॅपटॉप पुन्हा सुरू होत असेल तर विंडोजला काहीतरी असे सापडले आहे की पुढे चालणे धोक्याचे आहे. मग ते एखादे ड्रायव्हर असेल, रॅम असेल, डिस्क असेल. त्या पडद्यावर दोषाचे नाव लिहिलेले असते, पण वाचायच्या आत तो निघून जातो. त्याला थांबविता येते. शोधपट्टीत इंग्रजीत 'ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' असे टाकावे, त्यात 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्ज उघडाव्या आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढून टाकावी. मग निळा पडदा आला की तो तसाच उभा राहील. मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवावा. यात काही बिघडत नाही आणि पैसाही लागत नाही.

तसेच शोधपट्टीत इंग्रजीत 'रिलायबिलिटी' असे टाकले की विंडोजने ठेवलेली दिवसवार बखर उघडते. कोणत्या दिवशी यंत्र कोसळले, त्या दिवशी कोणता प्रोग्राम किंवा अपडेट बसविला गेला, सगळे तारखेनिशी दिसते. ज्या दिवसापासून तांबड्या खुणा सुरू झाल्या त्याच दिवशी प्रिंटरचे नवे ड्रायव्हर किंवा दुसरा अँटिव्हायरस बसविलेला आढळला तर तो काढून पाहावा. 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाची आणखी एक सविस्तर नोंदवही आहे. तिच्यात 'कर्नल-पॉवर' आणि ४१ हा आकडा दाखवून 'बघा, पॉवरचा फॉल्ट आहे, बोर्ड गेला' असे सांगणारे आम्ही पाहिले आहेत. त्या ४१ चा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले. ते आपल्याला आधीच ठाऊक असते! कारण त्यात लिहिलेले नसते. उलट १०७४ हा आकडा दिसला तर कोणत्या तरी प्रोग्रामने, बहुधा विंडोज अपडेटने, हुकूम देऊन यंत्र पुन्हा सुरू करविले असे समजावे. मग ती बिघाडाची गोष्ट नाही, अपडेटची वेळ धंद्याच्या वेळेबाहेर ठेवली की काम भागते.

उष्णतेबाबत आपल्या लोकांना जास्त सांगावे लागेल, कारण आपले धंदेच धुळीचे आहेत. मालेगाव-इचलकरंजीच्या मागांच्या शेडमध्ये, फर्निचरच्या कारखान्यात, पिठाच्या गिरणीत, मसाल्याच्या दुकानात ठेवलेला लॅपटॉप आणि बँकेत वातानुकूलित खोलीत ठेवलेला लॅपटॉप यांचे आयुष्य सारखे कसे असेल? अशा ठिकाणी वर्षातून एकदा, आणि मागांच्या शेडमध्ये दोनदा, पंखा उघडून साफ करून घ्यावा. दुसरी वाईट खोड गादीची. जुन्या पेढ्यांवर मालक गादीवर बसतात, आणि लॅपटॉपही गादीवरच ठेवतात. बहुतेक लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा आत घेतात. ती जाळी गादीने दाबून टाकल्यावर पंख्याने श्वास कुठून घ्यावा? जुना लाकडी ढाळा किंवा पाट खाली ठेवला तरी फरक पडतो. नक्षीदार कूलिंग पॅड घेतलाच पाहिजे असे नाही.

भिवंडीच्या मित्राच्या लॅपटॉपचे खरे कारण मात्र वेगळेच निघाले. त्याची बॅटरी केव्हाच मेली होती. तो केवळ चार्जरवर चालत होता, आणि चार्जर ज्या एक्स्टेन्शन बोर्डात होता त्याची एक खाच ढिली होती. त्याच बोर्डाला लागून कारीगरांची ये-जा. कोणाचा पाय वायरीला लागला की क्षणभर वीज तुटे. बॅटरी चांगली असलेल्या लॅपटॉपला लाइट गेल्याचे कळतही नाही. बॅटरी मेलेल्याला तो एक क्षण पुरतो. चार्जर काढून लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवून पाहिला असता तरी पाच मिनिटांत उलगडा झाला असता. सहा वर्षांची डिझाइने एका ढिल्या खाचेपायी गेली, हे त्यांना अजून बोलून दाखवत नाही.

बॅटरीविषयी एक इशारा द्यायलाच हवा. लॅपटॉपचा टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट बसेनासे झाले किंवा तळ फुगलेला वाटला, तर बॅटरी फुगली आहे. तेव्हा त्याच क्षणी चार्जर काढावा, लॅपटॉप बंद करावा आणि जाणकाराकडून ती बॅटरी बदलून घ्यावी. सुई टोचून हवा काढणे, दाबून बसविणे असले उद्योग करू नयेत. ती पेट घेते. कापडाच्या गोदामात तर हा धोका किती मोठा, ते सांगायला नको. तसेच मूळ चार्जर ६५ वॅटचा असताना घरात पडलेला कमी वॅटचा चार्जर लावून काम चालविणारेही पुष्कळ आहेत. बॅटरी कमजोर असली तर जड काम सुरू होताच असा लॅपटॉप दगा देतो.

रॅमची गोष्ट थोडक्यात. एका लाकडाच्या व्यापाऱ्याने टॅली वेगाने चालावी म्हणून जुन्या बाजारातून रॅमची एक पट्टी घेऊन टाकली. त्यानंतर लॅपटॉप कधीही, कशावरही, निळा पडदा दाखवून पुन्हा सुरू होऊ लागला. नवी पट्टी काढली, आजार गेला. विंडोजमध्येच 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' नावाची तपासणी आहे. ती रात्री लावून ठेवावी. ती निर्दोष म्हणाली तरी दोन पट्ट्या असल्यास एकेक काढून पाहणे हीच पक्की कसोटी. अलीकडच्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की केलेली असते, तिथे हा उपाय चालत नाही.

आता 'विंडोजच करप्ट आहे' असे जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यासाठी एक साधी परीक्षा आहे. लिनक्स मिंटसारखी मोफत मिळणारी प्रणाली ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाकून लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून चालविता येतो. आतल्या डिस्कला हातही लागत नाही, फक्त 'इन्स्टॉल' हे बटण दाबायचे नाही. तासभर त्यावर व्हिडिओ चालवून पाहावा. तरीही लॅपटॉप बंद पडला तर दोष विंडोजमध्ये नाही हे सिद्ध झाले, कारण विंडोज तेव्हा चालूच नव्हती. मग फॉर्मॅट कशासाठी? उलट तासन्तास नीट चालला, तर संशय विंडोज, ड्रायव्हर किंवा डिस्कवर येतो, आणि तेव्हाही त्याच पेनड्राइव्हच्या आधारे आधी डेटा दुसरीकडे उतरवून घेता येतो. ही परीक्षा घ्यायला फार विद्या लागत नाही. दुरुस्तीच्या दुकानात असा एक पेनड्राइव्ह नसावा याचे आम्हांस नवल वाटते.

मात्र एक अट. विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपमधील डिस्क आता बिटलॉकरच्या कुलपात असते, मालकाला ठाऊक नसले तरी. अशा डिस्कमधला डेटा बाहेरून वाचायचा असला, बायोसमध्ये फेरफार केला किंवा मदरबोर्ड बदलला की ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला त्या खात्यात जमा असते. ते खाते पुतण्याच्या नावाने, आणि पुतण्या आता दुबईत, अशी तऱ्हा आपल्याकडे कमी नाही. आजच, लॅपटॉप चालू आहे तोवर, ती किल्ली कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा. बिघाड झाल्यावर ती शोधत बसू नये.

दोष खरोखर सॉफ्टवेअरचा असला तरी फॉर्मॅट हाच उपाय असतो असेही नाही. जुन्या वाचकांना आठवेल, ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा कीडा पसरला तेव्हा विंडोज एक्सपीचे संगणक साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून आपोआप बंद होत. अगदी अलीकडचे म्हणजे १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा सुरू होत राहिली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती यंत्रे काय फॉर्मॅट केली? नाही. सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढून टाकली की यंत्र उभे राहत होते. ज्यांना एवढ्या मोठ्या घोळात फॉर्मॅट मारावा लागला नाही, त्यांच्या मानाने आपल्या किराणा दुकानाच्या लॅपटॉपचा आजार केवढा?

आता दुकानदाराची बाजूही मांडली पाहिजे, नाही तर हा लेख एकांगी होईल. दुरुस्तीच्या दुकानात बसणारी मुले आपल्याच मोहल्ल्यातली आहेत. बरीचशी उस्तादाच्या हाताखाली शिकली, संस्थेत जाण्याची ऐपत नव्हती. त्यांच्यात लबाड थोडे आहेत. मग फॉर्मॅटच का? कारण फॉर्मॅटचे पैसे मिळतात आणि तपासणीचे मिळत नाहीत! लॅपटॉप उघडून, दोन तास चालवून, पट्ट्या बदलून पाहून त्या मुलाने 'तुमच्या बोर्डाची खाच ढिली आहे' असे सांगितले तर आपण काय करतो? "बस्स, एवढंच होतं? याचे काय पैसे घेणार!" असे म्हणून उठतो. वकिलाने नुसता कागद वाचला तरी आपण फी देतो, डॉक्टरने औषध न देता 'काही नाही, आराम करा' म्हटले तरी देतो. मिस्त्रीला मात्र काहीतरी बदलल्याशिवाय पैसा द्यायचा नाही हा आपला रिवाज. मग तो काहीतरी बदलतो. आणि काही नाही तर विंडोज बदलतो.

म्हणून आमची सूचना दोन्ही बाजूंना आहे. दुकानदारांनी तपासणीची मजुरी वेगळी ठरवून तिचा फलक लावावा आणि ती उघडपणे मागावी. पुढे दुरुस्ती केली तर ती रकमेतून वजा करावी. लॅपटॉप घेताना एक चिठ्ठी द्यावी आणि तीवर यंत्राचा क्रमांक, मालकाने सांगितलेली तक्रार, आत रॅम आणि डिस्क कोणती व किती, आणि 'डेटा पुसण्यास परवानगी आहे / नाही' असे छापलेले असावे. व्यापाऱ्याने त्या शेवटच्या ओळीवर स्वतःच्या हाताने खूण करावी. कोणाचा लॅपटॉप आपल्या दुकानात रात्रभर राहतो तेव्हा त्याच्या सहा वर्षांच्या व्यवहाराची, गिऱ्हाइकांच्या नावांची, घरच्या फोटोंची अमानत आपल्याकडे राहते. अमानतीचा अर्थ या वाचकांना आम्ही सांगावा असे नाही.

चिठ्ठीचा दुसरा उपयोग कायद्याचा. आपण व्यापारी, त्यामुळे ग्राहक नव्हे, असा पुष्कळांचा समज आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा वगळली आहे हे खरे; परंतु स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी जो माणूस वस्तू विकत घेऊन वापरतो त्याला वगळलेले नाही. शिलाईवाला, भरतकामवाला, छोटा दुकानदार हे आपली बाजू मांडू शकतात. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तक्रार करायला वकील लागत नाही. पण हाती कागदच नसेल तर हेल्पलाइन तरी काय करील?

व्यापाऱ्याकडून आम्हांस एकच गोष्ट हवी, आणि ती म्हणजे लॅपटॉप ठीक असतानाच नक्कल काढण्याची सवय. टॅलीत बॅकअपची सोय आहे. दर जुम्याला, दुपारी दुकान बंद करण्याआधी, दोन मिनिटे लागतात. एक नक्कल दुकानात, एक घरी. पेनड्राइव्ह लॅपटॉपला कायमचा लावून ठेवू नये, कारण व्हायरस आला तर दोन्ही खाऊन टाकतो. आणि सहा महिन्यांतून एकदा ती नक्कल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. उघडत नसलेली नक्कल जपून ठेवणारे आम्ही पाहिले आहेत. लॅपटॉप बंद पडू लागलाच, तर तो जेवढा वेळ चालू राहतो तेवढ्या वेळात पहिले काम नक्कल काढण्याचे. गाणी ऐकत 'आता बंद पडतो का' ते पाहत बसणे नंतर.

भिवंडीच्या मित्राची काही डिझाइने भरतकामाच्या मशीनच्या स्वतःच्या स्मृतीत सापडली, काही एका जुन्या व्यापाऱ्याने पेनड्राइव्हवर ठेवलेली होती. बाकीची पुन्हा पंचिंग करून घ्यावी लागली आणि ईदची दोन गिऱ्हाइके त्या वर्षी दुसरीकडे गेली. गेल्या आठवड्यात त्यांची भेट झाली. बॅटरी नवी बसविली आहे, एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीवर खिळ्याने पक्का केला आहे. त्या दुकानात ते पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत असे आम्हांस वाटले होते, पण नुकताच त्यांच्या मुलाचा लॅपटॉप बिघडला तेव्हा ते तिथेच गेले. तपासणीचे दीडशे रुपये आधी काउंटरवर ठेवले आणि त्या मुलाला म्हणाले, "बेटा, आज मला घाई नाही. आधी उघडून बघ." मुलाने पैसे गल्ल्यात टाकले आणि पेचकस हातात घेतला.